मस्कतहून आलेला आपला माणूस

आई गेल्यापासून पप्पा घराबाहेर पडत नव्हते, म्हणून हवापालटाला त्यांना वसईहून माझ्याकडे मस्कतला आणलं. इथे आल्या आल्या, बॅग उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, “आपल्या माणसाचा किल्ला कुठेय?”

आपला माणूस म्हणजे आमचा मूळपुरुष. पोर्तुगीज शिपाई. म्हणे मस्कतच्या किल्ल्यावर होता, अरबांनी फिरंग्यांना हाकललं तेव्हा गलबतात बसून वसईला आला, तिथे जमीन मिळाली, बायको केली, राहिला. जन्मापासून ऐकतेय. पुरावा काय, तर आमचं पोर्तुगीज आडनाव आणि पप्पांचे घारे डोळे. अहो, आडनावाचं काय घेऊन बसलात! बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव अख्ख्या आळीला चिकटायचं. आणि घारे डोळे तर माझ्या ऑफिसातल्या गुहागरच्या अकाउंटंटचेही आहेत. तो कुठल्या फिरंग्याचा?

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आईच्या वर्षाच्या, चर्चमधल्या मिस्सेआधी तिच्या कबरीवर दगड बसवायचा होता आणि कोरणारा वसईहून फोनवर फोन करत होता, मजकूर पाठवा म्हणून. पप्पांना तिच्या नावाखाली कोरायचं होतं: ‘मस्कतहून वसईस आलेल्या पोर्तुगीज घराण्याची सून’.

माझं डोकंच फिरलं. आई सावळी. आजी तिला तोंडावर म्हणायची, आमच्या घरात काळा रंग तू आणलास. जन्मभर बिचारीने ऐकून घेतलं, आता मेल्यावरही उरावर तोच फिरंगी? मी सरळ सांगितलं, “आधी पुरावा दाखवा, मग कोरा.”

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मिस्साही शुक्रवारी; ती आटोपून त्यांना जुन्या मस्कतला नेलं. बंदराच्या दोन्ही बाजूंना डोंगरावर किल्ले, आत जायला मनाई. पप्पा उन्हात मान वर करून बघत राहिले. तेवढ्यात माझ्या ऑफिसातले एक ओमानी गृहस्थ पोराबाळांसह भेटले. काय बघताय, म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी हात झटकले. “पोर्तुगीज? गेले. खलास!”

“त्याला सांग,” पप्पा म्हणाले, “गेले ते आमच्याकडेच आले.”

आमच्याकडे म्हणजे गावात की रक्तात, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. त्या भल्या माणसाने हसून पप्पांच्या हातात खजुराचा डबा ठेवला.

परतताना गाडीत मला एकदम आईची सोयरीक आठवली. आमच्याकडे एक गंमत आहे. मिस्सा, क्रूस सगळं खरं. पण सोयरिकीच्या बैठकीत चहा झाला की म्हातारी माणसं हळूच जुनं कूळ विचारतात, ख्रिस्ती होण्याआधीचं. कूळ जुळलं तर मुलगी द्यायची नाही. आई ती बैठक नक्कल करून सांगायची. तिच्या वडिलांनी कूळ विचारलं, पप्पांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, चटकन सांगितलं, ते वेगळं निघालं, आणि लग्न ठरलं.

“पप्पा,” मी म्हटलं, “फिरंग्याला कुठलं आलं कूळ?”

त्यांनी खजुराचा डबा उघडला, परत बंद केला. अल् खुवैरचा सिग्नल येऊन गेला तरी तेच चाललं होतं. मला वाटलं, जिंकले! पण पुढच्याच क्षणी हिशेब उलटला. आजोबांनी सांगितलेलं कूळ खरं असेल तर पप्पांचा माणूस खोटा. आणि माणूस खरा असेल तर आईला खोटं सांगून या घरात आणलं. यातलं मला नक्की काय हवं होतं, तेच कळेना.

बिल्डिंगखाली गाडी लावली, तरी पप्पा उतरले नाहीत.

“मीही विचारलं होतं बाबांना,” ते म्हणाले. “लग्नानंतर. ते म्हणाले, तिच्या बापाला कूळ हवं होतं, ते दिलं. तू शाळेत बुजून पोरांच्या मागे लपायचास, तुला धीर यावा म्हणून फिरंगी दिला.”

“मग आपण कोण?”

“तेच विचारलं. तर म्हणाले, जेवायला बस.”

मला हसू येत होतं की रडू, देव जाणे. “आणि तरी तुम्ही आयुष्यभर हेच सांगत राहिलात?”

“खोटंच आहे असं तरी कुठे म्हणाले ते? दोन्ही खोटं असेल. दोन्ही खरंही असेल. वाटलं, किल्ला बघितला की आत काहीतरी हलेल.” त्यांनी रुमालाने मान पुसली. “काही हललं नाही गं. ऊन लागलं नुसतं.”

मग तिथेच बसून त्यांनी कोरणाऱ्याला फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर. “तिचं नाव लिही. खाली तिच्या माहेरचं गाव.”

“आणि सासरचं काय लिहू, काका?”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“सासरचं राहू दे,” ते म्हणाले. “ते नक्की नाही.”