छातीवरची पट्टी

लॉकडाऊनमध्ये कामोठ्यात आमच्या सोसायटीसमोर बंदोबस्ताला एक होमगार्ड असायचा. नेऱ्याकडचा, पन्नाशीचा माणूस. दुधाच्या दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी खडूने गोल आखायचा आणि स्वतः मात्र गोलाबाहेर, उन्हात उभा राहायचा.

आम्ही काही कृतघ्न नव्हतो. बाल्कनीतून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ताटं बडवली. चहासुद्धा द्यायचो, दोरीला बादली बांधून वरून सोडायचो. कप कागदी, म्हणजे परत घ्यायची भानगड नाही. त्याने एकदा संडास वापरू का, असं विचारलं, तेव्हा मात्र कमिटीला नियम आठवला.

एका संध्याकाळी मी वरून ओरडलो, "काका, तुम्ही तर आमचे सीमेवरचे जवान!"

काठी बगलेत धरून तो हसला. "जवानाला दुश्मन समोर दिसतो, साहेब. मला तर चौथ्यांदा भाजीला निघालेले तुमीच दिसता."

पुढच्याच महिन्यात तो कोरोनाने गेला. तो टेकायचा ती खुर्ची आम्ही तीनदा फवारून घेतली. मग श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, सगळ्यांचे हात जोडलेले फोटो लगेच आले. नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं आणि चौकीत जाऊन विचारायचं म्हणजे संसर्गाची भीती. शेवटी 'आमचा लाडका योद्धा' असं छापलं.

त्याचं नाव रोज त्याच्या छातीवरच्या पट्टीवर असायचं. ते वाचता येईल इतक्या जवळ आमच्यातलं कुणी कधी गेलंच नव्हतं.