यमुनाबाईंनी शिकवलेला ‘टॅक’

यमुनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते परभणीत, स्टेशनजवळच्या एका भाड्याच्या खोलीत. निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळेत उर्दू चाले. बाईंनी मुलींसाठी मराठीतून वर्ग काढला होता. माझे वडील, अण्णा, पोखर्णीला शेती करत. मला मावशीकडे ठेवून त्यांनी या वर्गात घातलं, ते शिवण येईल म्हणून.

बाई शिवणाबरोबर इंग्रजीही शिकवत, हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. शब्दातली गोष्ट आधी हातानं करायची, मग शब्द घ्यायचा, ही त्यांची रीत. एकदा आम्ही पोलक्याच्या बाहीला लांब लांब कच्चे टाके घातले. पक्की शिलाई झाल्यावर ते उसवले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत दोरा मिळत नसे, म्हणून उसवलेला दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळला. मग बाई म्हणाल्या, “याला टॅक म्हणतात. याचे आणखी अर्थ आहेत, ते उद्या.”

दुसऱ्या दिवशी अण्णा मला भेटायला आले. आतला धडा त्यांच्या कानी पडला.

“बाई, तुमी शिवण शिकवायलात का इंग्रजी?”

“दोन्ही.”

“आमाला न्हाई सांगितलं.”

“नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.”

अण्णा मला घेऊन जायलाच निघाले. बाई म्हणाल्या, “शिवणाला राहू द्या. इंग्रजीच्या वेळी मी तिला आत बसवणार नाही. हा माझा शब्द.”

अण्णांनी मानलं.

तेव्हापासून इंग्रजीचा तास लागला की मी बाहेर ओट्यावर. दार उघडं असे, पण बाई आवाज खाली आणत. मला त्यांचा फार राग आला. टॅकचे बाकीचे अर्थ मी चंद्रकलेला विचारले. ती माझ्या शेजारी बसणारी.

“बाईंनी सांगू नको म्हटलंय,” ती म्हणाली. “आन् काय गं, ओट्यावर वारं लय गार लागतं का?”

तास संपला की बाई भाकरी घेऊन ओट्यावर येत. माझ्याजवळ बसून खात, माझे टाके बघत. धड्याविषयी एक अक्षर बोलत नसत.

काही आठवड्यांनी अण्णा बाजार आटोपून लवकर आले. आत मुली हसत होत्या. मी एकटी बाहेर, मांडीवर कापड घेऊन. अण्णा ओटा चढून दारापाशी आले. मग दारातून म्हणाले, “बाई, मी ऱ्हातो पोखर्णीला. हिला आत बसवलं असतं तर मला काय कळणार होतं?”

“तुम्हाला कळलं नसतं,” बाई म्हणाल्या. “हिला कळलं असतं.”

अण्णांनी वहाणा काढल्या आणि ते उंबऱ्यापाशी बसले. “जा आत,” मला म्हणाले. “शिकवा बाई. मी बी ऐकतो.”

बाईंनी टॅक पुन्हा पहिल्यापासून घेतला. चपट्या डोक्याचा बारीक खिळा, तोही टॅक. शिडाचा खालचा कोपरा बांधायचा दोर टॅक. आणि तो दोर बदलून जहाजाची दिशा फिरवणं, तेही टॅकच.

“जहाज पाहिलंय का तुमी?” अण्णांनी विचारलं.

“नाही. वाचलंय.”

“मंग आपुन सारखेच.”

मुली हसल्या, बाईही हसल्या. फ्रान्सच्या उत्तरेकडच्या जुन्या बोलीत खिळ्याला, आकड्याला असाच शब्द होता, तिथून हा आला असावा, असं त्यांनी सांगितलं. ‘असावा’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. जे नक्की ठाऊक नाही ते नक्की आहे असं सांगणं त्यांना कधी जमलं नाही.

पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. अण्णा ते सगळ्यांना सांगत, आणि श्रेय बाईंना देत.

बाईंना आता पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, सुई ओवायला दुसऱ्याची नजर लागते. त्यांचे गुडघे बरे राहोत, आणि पुष्कळ वर्षं त्या आपल्यात असोत. हे मागण्यात माझा स्वार्थ आहे. आजही कुणाला शब्द दिला की मनात येतं, तो मोडला तर बाईंना कळेल. त्यांना असंच कळत राहावं.