टीव्हीवरच्या मुंग्या

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फाइल निदान वर तरी जाते. किस्सा चहाच्या टेबलावरच राहतो आणि रोज थोडा वाढतो. मी सांगतेय ते मात्र न वाढवलेले. बरं, थोडेच वाढवलेले!

ऑफिस तुर्भ्याला, ट्रकांच्या रांगेसमोर. काम असं, की गावाकडच्या डोंगरांवर जी छोटी टीव्ही केंद्रं आहेत, ती सरकारी निधीतून डिजिटल करायची. मशीन आम्ही बसवायचं, घरोघरी बॉक्स आम्ही वाटायचे, आणि टीव्ही लागला नाही की लोकांचे फोन मी घ्यायचे.

*

सुरुवातीलाच एका काकांचा फोन आला. "मॅडम, पूर्वी मुंग्यांतून माणसं दिसायची. आता माणसं गेली, मुंग्याच राहिल्या!"

"काका, बॉक्स जोडलाय ना?"

"बॉक्स देवघरात आहे."

"देवघरात?"

"सरकारनं फुकट दिलेली वस्तू, परत कोण देणार? तुम्ही म्हणत असाल तर काढतो बाहेर. पण खराब झाला तर जबाबदारी तुमची!"

*

दुसरा किस्सा दाराचा. द्रोणागिरीच्या गोदामातून निघालेलं मशीन डोंगरावर पोचलं आणि केंद्राच्या दारातच अडकलं. दार अरुंद! आमचा इंजिनीअर शिंदे तिथेच होता. हा साताऱ्याचा, आवाज असा की फोन नसता तरी तुर्भ्यात ऐकू आला असता. आमच्या साहेबांनी निधी देणाऱ्या खात्याला विचारलं, दार मोठं करू का? उत्तर आलं, मशीनचा खर्च मंजूर आहे, दाराचा खर्च या निधीत बसत नाही.

"अहो, निधीत नंतर बसवा," शिंदे फोनवर ओरडला, "आधी मशीन आत बसवा!"

शेवटी खिडकी काढून मशीन आत घेतलं. तिथे अजून ताडपत्री लावलेली आहे, कारण खिडकीसुद्धा निधीत बसत नाही.

*

एका केंद्राच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी बटण दाबलं आणि मोठ्या टीव्हीवर नुसता निळा पडदा आला. केबल जोडायचीच राहिली होती. पाहुणे मात्र खूश! "वा! काय क्लीअर! एक मुंगी नाही!" लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

परतताना गाडीत शिंदे समजावत होता. जुन्या, म्हणजे ॲनालॉग पद्धतीत सिग्नल कमी पडला की मुंग्या यायच्या, पण काहीतरी यायचं. डिजिटलचं तसं नाही. आलं तर लख्ख, नाहीतर काहीच नाही.

गाडी चालवणारे धर्माकाका तुर्भ्याच्या बाजूच्या तळवलीचे, तिथलेच मूळचे. ते मान न वळवता म्हणाले, "म्हंजे आपला साहेब डिजिटल नाय. तो हो पन बोलत नाय, ना पन बोलत नाय. नुसत्या मुंग्या!"

तेव्हापासून साहेबांचं नाव ॲनालॉग साहेब. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघू."

*

आक्काचे फोन सुरू झाले आणि माझं हसणं जरा कमी झालं. आक्का डोंगरामागच्या एका वाडीतली. मोबाइलला रेंज नाही, म्हणून टेकाडावर चढून रोज मला फोन करायची. "लागंना गं पोरी." बॉक्सऐवजी डिश लावली की माकडं झोके घेऊन पाडायची. बॉक्स नीट जोडलेला होता, पण डोंगर आडवा येत होता. वाडीसाठी वेगळं छोटं यंत्र बसवलं असतं तर काम झालं असतं. पण खात्याचा नियम असा, की जिथे आधी चित्र दिसत होतं, तिथेच पैसे मिळणार.

"होईल हं, आक्का," असं रोज सांगताना मला लाज वाटायला लागली होती. शेवटी ॲनालॉग साहेबांनीच खात्याच्या मॅडमना वाडी बघायला यायला राजी केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मीही गेले. मॅडम यायच्या आधी शिंदेनं आक्काला पढवून ठेवलं. "चित्र दिसायचं का, असं विचारतील. निस्तं हो म्हणायचं."

मॅडम ओसरीवर बसल्या. "आजी, आधी टीव्हीवर चित्र दिसायचं?"

"न्हाई बा. निस्त्या मुंग्या."

शिंदेनं कपाळावर हात मारला.

"मग आता तुमचं गेलं काय?" मॅडमनी विचारलं. त्या तुसडेपणानं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"आवाज यायचा की! आमच्या ह्यांना डोळ्यांनी दिसत न्हाई. चित्र घिऊन काय करायचंय त्यांना? सांजच्याला बातम्या ऐकायचे. आता निस्तं बसून ऱ्हात्यात टीव्हीपुढं."

मॅडमनी नियम सांगायला सुरुवात केली. आवाज स्वच्छ, मराठी शुद्ध, एकेक शब्द सुटा. "शासनाच्या धोरणानुसार, ज्या भागात यापूर्वी प्रक्षेपण..."

आतल्या खोलीत खाट करकरली.

"अगं ए, लागला का टीव्ही?" आतून आजोबांनी हाक मारली. "बाई बातम्या देतीया!"

आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो. त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं होतं.

"गेला बघ परत!" आतून आवाज आला.