दोघींनीही विचारलं नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर माझ्याबद्दलचं तुमचं मत आधीच झालेलं असेल — तापट, घासाघीस करणारा, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांशी वाजलेला माणूस. ते सगळं खरं आहे. पण मी जे केलं ते रागात नाही केलं. अगदी थंड डोक्याने, गोड आवाजात केलं.

मी खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. बारावीनंतर दारोदार प्रेशर कुकर विकले. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या बायकांना कुकर विकता विकता इंग्रजी शिकलो, आणि आणखी एक गोष्ट शिकलो — उंबरठ्यावरून घर ओळखायचं. कुठे वेळ घालवायचा, कुठे नाही. पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या आणि कॉलेजांना एकदम कळलं, की आपल्या मुलांना गणित येतं पण परक्या माणसाशी वागता येत नाही. ते शिकवायला पदव्यावाल्यांपैकी कोणी पुढे येईना. मी आलो.

वेळापत्रकात विषयाचं नाव होतं 'आंतरसांस्कृतिक संवाद'. मी शिकवायचो ते साधं होतं. जर्मन माणूस तोंडावर नाही म्हणतो, त्याचा राग धरू नका. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलेलं त्याला आवडत नाही. आणि परदेशी मुलांना उलटं सांगायचो — आमच्याकडे घरातली अडचण कोणी उघड बोलत नाही. खोदून विचारलंत तर त्यांना शरमल्यासारखं होतं. चांगलं शिकवायचो. मुलं शब्द न् शब्द लक्षात ठेवायची. ही बढाई नाही. पुढे कळेल मी हे का सांगतोय.

पण तासाप्रमाणे पैसे मिळणारा माणूस तासावरचाच राहतो. अकरा वर्षं झाली तरी स्टाफरूममध्ये मला स्वतःची खुर्ची नव्हती. जे रजेवर असतील त्यांच्या जागेवर बसायचं. आमचे विभागप्रमुख कधी आवाज चढवत नसत. एकदा मी कशावरून तरी भडकलो, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "परदेशी लोकांशी कसं वागावं, ते तुम्ही छान शिकवता हो. आमच्याशी कसं वागावं, ते राहिलं वाटतं." सगळे हसले. अकरा वर्षांत त्या माणसाने मला एकदाही —

बघा. लगेच त्यांच्यावर गेलो. दर वेळी मनातल्या मनात हे सांगायला लागलो, की माझी गाडी त्यांच्याच दारात जाऊन उभी राहते. ते दार चुकीचं आहे.

त्या वर्षी जर्मनीहून पंधरा विद्यार्थी तीन आठवड्यांसाठी आले. त्यांच्या विद्यापीठाशी पुढच्या पाच वर्षांचा करार व्हायचा होता आणि त्यावर समन्वयक म्हणून माझं नाव छापून येणार होतं. ते मी भांडून मिळवलं होतं. रविवारच्या जेवणाची कल्पनाही माझीच. आमच्या एकेका विद्यार्थ्याच्या घरी एकेका पाहुण्याने दुपारी जेवायला जायचं, फोटो काढायचे, अनुभव लिहायचा. कोणी कोणाकडे जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हाना नावाच्या मुलीच्या चिठ्ठीत प्रज्ञाचं नाव निघालं.

प्रज्ञा वर्धेकडची. पुण्यात मावशीकडे, येरवड्याला राहायची. वर्गात पहिली, आणि पुढच्या सत्रात जर्मनीला जाऊन शिकणाऱ्यांच्या यादीतही पहिली. चिठ्ठी निघाल्यावर तिने टाळीच वाजवली. विभागप्रमुख तिथेच उभे होते. म्हणाले, "येरवड्याला जेवायला? अहो, तिथे सरकार घालतं ना जेवायला?" तुरुंगाचा विनोद. हशा झाला. प्रज्ञाही हसली आणि म्हणाली, "नाही न सर. आमची मावशी घालते." तेही हसले आणि निघून गेले. या विषयावर ते त्यानंतर एक अक्षर बोलले नाहीत. हे लक्षात ठेवा. मी कित्येक वर्षं लक्षात ठेवलं नाही.

शुक्रवारी मी स्कूटर काढून घरं पाहायला गेलो. माल आधी पाहून घ्यायची माझी जुनी सवय. येरवड्याचं घर दोन खोल्यांचं. भिंतींना नुकताच रंग दिलेला, वास येत होता. शेजारून आणलेल्या चार खुर्च्या, चारही वेगवेगळ्या. दारासमोरून उघडं गटार, गल्लीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून संडास. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिला ताजा हार. मला गटार दिसलं, संडास दिसला — आणि तसबीरही दिसली, हे लिहायला हवं. हे सगळं फोटोत येईल, फोटो अहवालात जातील आणि अहवाल करारावर सही करणाऱ्यांच्या टेबलावर, हे मला सुचलं.

माझं स्वतःचं लहानपणाचं घर यापेक्षा वेगळं होतं का? नव्हतं. आमच्या क्वार्टरला तर रंगही नव्हता.

मावशींनी चहा दिला. म्हणाल्या, "सर, ती पोरगी तिखट खाते न? का कमी करू?" माझा कप अजून अर्धाही झाला नव्हता, आणि माझं ठरलं होतं. तरी मी म्हणालो, "कमीच करा."

शनिवारी मी प्रज्ञाला बाजूला घेतलं. सांगितलं — हाना नको म्हणाली. तिला घराबद्दल काहीतरी कळलंय. ते लोक स्पष्ट असतात, मनाला लावून घेऊ नकोस, आणि तिला काही विचारू नकोस. तुला माहीतच आहे. प्रज्ञाने मान हलवली. तिला माहीतच होतं. मीच शिकवलं होतं.

मग हानाला सांगितलं — त्यांच्या घरी अडचण आहे, त्यांनी नाही कळवलंय. कारण विचारू नकोस, त्यांना शरमल्यासारखं होईल. हानानेही मान हलवली. तिच्या वहीत ते लिहिलेलंच होतं.

रविवारी हाना कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये पुरणपोळी जेवली. फोटो छान आले.

सोमवारी दोघी वर्गात लांब लांब बसल्या. तास संपल्यावर प्रज्ञा माझ्याकडे आली. हातात डबा होता. "मावशीनं सांबारवड्या पाठवल्या सर, तुमच्यासाठी. तुम्ही घरी आले होते न. तिखट कमी आहे." सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर. मी तिथेच, तिच्यासमोर दोन खाल्ल्या. मग तिने दुसरा हात पुढे केला. त्यात जर्मनीला जाण्याचा तिचा अर्ज होता. मागे घ्यायचा होता.

मी विचारलं, का? — मी विचारलं, बरं का.

ती म्हणाली, "ज्यांना आमच्या घरी एक जेवण चालत नाही, त्यांच्यात सहा महिने कशी राहू मी?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, वड्यांबरोबर. अर्जाला अजून चार दिवस मुदत होती. हाना अजून आठ दिवस पुण्यात होती. मी अर्ज घेतला, त्यावर 'स्वेच्छेने मागे' असं लिहिलं आणि सही केली. यादीतला पुढचा मुलगा गेला.

मला कोणी सांगितलं नव्हतं. तो विनोद म्हणजे हुकूम नव्हता. जर्मन प्राध्यापकांना ते घर खटकलं असतं, असंही नाही. त्यांनी फोटो नीट पाहिलेसुद्धा नाहीत. करार झाला, माझं नाव छापून आलं. प्रज्ञा पदवी घेऊन गेली. कुठे, ते मला माहीत नाही. शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं नाही.

पण माझा गुन्हा इथे संपत नाही.

दोनच वर्षांनी मी ही गोष्ट वर्गात सांगायला लागलो. नावं बदलून. उदाहरण म्हणून. एक भारतीय मुलगी, एक जर्मन मुलगी. एकीला वाटलं ती नको म्हणाली, दुसरीला वाटलं घरचे नको म्हणाले. पाहा, दोन संस्कृतींमध्ये गैरसमज कसे होतात. मुलं गंभीर होऊन ऐकायची. एका कार्यशाळेत या उदाहरणासाठी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यात तिसरं माणूस होतं, हे मी कधीच सांगितलं नाही. सांगता सांगता मलाच कधी कधी वाटायचं, की नव्हतंच.

गेल्या वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण त्या दोघींनी एकमेकींना सरळ विचारलं का नाही?"

इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी फळ्याकडे वळलो, खडू उचलला आणि पाठमोराच म्हणालो, "संस्कृती."

तिने ते वहीत लिहून घेतलं.