रक्तगट बदललेल्या नऊ बायका

शालन सरवदे या बाईंनी माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं माझ्या बायकोनंही खाल्लं नसेल. पंच्याहत्तर सालची गोष्ट. सोलापुरात एका माडीवर आमच्या आरोग्य पाहणीचं ऑफिस होतं. मी, विरुपाक्ष हिरेमठ, जीपनं गावोगाव फिरून बायकांच्या बोटाला सुई टोचायचो, हिमोग्लोबिन मोजायचो, रक्तगट बघायचो आणि फॉर्मवर लिहायचो. शालनबाई ते फॉर्म तपासून मोठ्या तक्त्यावर उतरवायच्या. तक्ते पुण्याला जायचे, तिथं मशीन सरासरी काढायचं. काम एवढंच. पण या बाईंना ते एवढंच वाटायचं नाही.

बुधवार पेठेतून त्या चालत यायच्या. वडील गिरणीत, घरात मॅट्रिक झालेल्या त्या पहिल्याच. हातात कायम तांबडी पेन्सिल. भाकरी खातानासुद्धा डब्याशेजारी माझा एखादा फॉर्म उघडा असायचा.

एकदा मी एका बाईचं हिमोग्लोबिन अठ्ठ्याहत्तर लिहिलं. आमच्या नळीवर एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला टक्के असतात, घाईत मी टक्के वाचले. शालनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो हिरेमठ, ही बाई आहे का लोखंडी खांब?" पुढं आठवडाभर ऑफिसातला शिपाईसुद्धा मला खांबाची खुशाली विचारत होता.

बाईनं रक्त दिलं नाही, तर त्या रकान्यात नव्व्याण्णव लिहायचे असा नियम होता. नव्व्याण्णव दिसले की साहेब तोंड वाकडं करायचे आणि त्याच गावात पुन्हा पिटाळायचे. उन्हातान्हात एका बोटासाठी चाळीस मैल. म्हणून मला त्या आकड्याचा मनस्वी तिटकारा होता.

पाहणी दोनदा व्हायची. सहा महिन्यांनी त्याच गावात, त्याच बायका. अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावाचे दोन्ही वेळचे फॉर्म शालनबाईंनी शेजारी शेजारी मांडले आणि मला हाक मारली.

"हिरेमठ, माणसाचा रक्तगट बदलतो का?"

"नाही."

"मग या गावात नऊ जणींचा बदललाय. नऊच्या नऊ गरोदर. गावात एकूण चौदा गरोदर आहेत, बाकी बायकांपैकी एकीचाही बदलला नाही. आणि दुसऱ्या वेळी या चौदाजणींचं हिमोग्लोबिन गावात सगळ्यात चांगलं. बारा, साडेबारा. गरोदरपणात रक्त कमी होतं हे मला मॅट्रिकवालीला कळतं."

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मागच्या वेळचाच गट पुढं उतरवा. शुक्रवारी गठ्ठा पुण्याला जायचाय."

"गट उतरवीन," शालनबाई म्हणाल्या. "हिमोग्लोबिन कुठून उतरवू? ज्या गावात गरोदर बायकांची सरासरी दहाच्या खाली, तिथंच लोहाच्या गोळ्या आणि नर्स जाणार. हे गाव या आकड्यांनी यादीतून उडालं."

साहेब गेले. मग बाई माझ्याकडं वळल्या. आता काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "तिथल्या सासवा पोटुशीचं रक्त काढू देत नाहीत. सुनेऐवजी स्वतःचं बोट पुढं करतात. पाचजणींचा गट सासूशी जुळला असेल, म्हणून तो बदललेला दिसत नाही. दुष्काळी कामावर सुनेच्या नावापुढं सासूचा अंगठा चालायचा, रेशनलाही चालतो. त्यांना वाटतं, इथंही तसंच. अडाणी बायका, त्यांना काय समजावणार?"

"अडाणी बायकांनी फॉर्म भरलेला नाही. अक्षर तुमचं आहे."

गुरुवारी त्या स्वतः जीपमध्ये येऊन बसल्या. वाटेत मी मनातल्या मनात या बाईला इतकं बोललो की तेवढं उघड बोललो असतो, तर नोकरी गेली असती.

पहिलं घर सिद्धम्माचं. तिची सून गौरम्मा, सातवा महिना. मी जंगमाच्या, म्हणजे लिंगायत पुजाऱ्याच्या घरातला, म्हणून त्या गावात मला स्वामी म्हणायचे. मला बघताच सिद्धम्मानं पदराला हात पुसला आणि बोट पुढं केलं. "घ्या स्वामी."

"तुमचं नको, आजी," शालनबाई म्हणाल्या. "सुनेचं हवंय."

आता सिद्धम्मा अडून बसेल, दारात गर्दी होईल, आणि बाईंना कळेल गावात काम करणं म्हणजे काय, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंच वाटलं. पण सिद्धम्मानं नुसती आत हाक मारली, "गौरम्मा, इल्ली बा." गौरम्मा भिंत धरत बाहेर आली आणि बसली.

मी टोचलं. रक्त नळीतल्या ॲसिडमध्ये सोडलं, दहा मिनिटं थांबलो. मग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं असतं. रक्त चांगलं असेल, तर पुष्कळ पाणी लागतं. इथं थोड्याच थेंबांत रंग जुळला.

"किती?" शालनबाईंनी विचारलं.

"साडेपाच."

दुसऱ्या वेळच्या फॉर्मवर गौरम्माच्या नावापुढं माझ्या अक्षरात बारा होते. शालनबाईंनी सिद्धम्माला समजावलं की सुनेच्या अंगात रक्तच नाही, आत्ताच्या आत्ता सोलापूरला दवाखान्यात न्यायला हवं, बाळंतपणात जीव जाईल.

सिद्धम्मा माझ्याकडं बघून बोलायला लागली. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. "मग आदी का सांगितलं न्हाय, स्वामी? मी तवाच हिला फुडं बशिवलं हुतं की. हिला भवळ आली, तर तुमीच म्हणला, ऱ्हाऊ द्या, वेळ व्हतुय, तुमीच बोट द्या, घरातलं कुणाचंबी चालतंय. समद्या घरात तसंच सांगितलासा."

मी नळी धुवायला घेतली. शालनबाईंनी मला काही विचारलं नाही, रागावल्यासुद्धा नाहीत. त्या रागावल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी आणि सिद्धम्मानं गौरम्माला दोन्हीकडून धरून जीपमध्ये बसवलं. मी सवयीनं ड्रायव्हरशेजारी बसायला गेलो.

"तुम्ही थांबा," शालनबाई म्हणाल्या. "अजून तेरा घरं राहिलीत."