सुतकातली आरती

ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही. परवा पुन्हा आठवली. निवृत्तीनंतर मला कॅनडातल्या एका चौकशी आयोगाचं कामकाज लॅपटॉपवर बघायचा छंद लागलाय. वकील मंडळी निम्मी सकाळ एकमेकांचे आभार मानतात, मग कामाला लागतात. त्यांतल्या एकानं खर्जात विचारलं, ‘माणूस निर्दोष असेल, तर पोलिसांशी खोटं कशाला बोलेल?’ सभागृह गंभीर झालं. मला फ्रीमाँटमधली एक मावशी आठवली.

तेव्हा मी कॅलिफोर्नियात पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह होतो. कॅनडाच्या पोलिसांचा निरोप आला: घरमालकाच्या घराला आग लावल्याच्या आरोपावरून नागपूरचा एक विद्यार्थी कोठडीत आहे. म्हणतो, त्या वेळी तळ्याकाठी एकटाच फिरत होतो. पण तेव्हा त्याचा फोन फ्रीमाँटमधल्या एका नंबरशी जोडलेला होता. पलीकडे साथीदार असावा, जबाब घ्या.

साथीदारानं हातातली पळी न ठेवताच दार उघडलं. मुलाची सख्खी मावशी. तिनं आधी चहा दिला, मग खोटं बोलली.

‘त्या दिवशी? छे, आमचं बोलणंच नाही झालं.’

‘कॉलची नोंद आहे.’

‘चुकून लागला असेल.’

स्वतःसाठी घाबरलेला माणूस दाराकडे बघतो. ही सारखी कोपऱ्यातल्या गणपतीच्या मखराकडे बघत होती.

‘मावशी, तेव्हा सुतक होतं का? घरात कोणी वारलं होतं?’

तिचे डोळे भरले. ‘आमच्याकडे नाही. त्याचे आजोबा, वडिलांचे वडील. तेरावं व्हायचं होतं. पोरगं लॅबमध्ये एकटं रडत बसलेलं, म्हणून मीच व्हिडिओ कॉल केला, आरतीला ये म्हटलं. सुतक त्याला, मला नाही. ताईला कळलं तर जन्मभर बोलणार नाही. तो म्हणाला, कोणालाच सांगायचं नाही.’

‘पोलिसांनाही?’

‘पोलीस कशाला विचारतील आरतीचं?’

‘तो कोठडीत आहे, मावशी.’

आतून काका ओरडले, ‘अगं, रेकॉर्डिंग आहे ना! दाखव की त्यांना!’

रेकॉर्डिंगमध्ये मखराला टेकवलेला टॅबलेट, त्यात डोळे मिटून टाळ्या वाजवणारा मुलगा. मागे प्रयोगशाळा, आणि दारात त्याच्या प्राध्यापिका, गोंधळून त्याही टाळ्या वाजवताहेत. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. मुलानं स्वतःच स्वतःला तळ्याकाठी नेऊन ठेवलं होतं. प्राध्यापिकांची साक्ष झाली आणि सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला.

खोटं पकडलं म्हणजे गुन्हा पकडला, या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली होती. ती त्या घरात सुटली. लपवायला गुन्हाच लागतो असं नाही. आईचा राग पुरतो.

आणि आईला तो रागही आला नाही. नंतर मावशीचा फोन आला. ताईला सगळं सांगितलं होतं.

‘काय म्हणाल्या?’

‘काही नाही हो. एवढंच विचारलं, आरती झाल्यावर तरी रडायचा थांबला होता का गं?’