कापलेली वाकळ

बाळांनो,

डिसेंबर जवळ आला की तुमच्या आयांपैकी कुणीतरी फोनवर दबक्या आवाजात मला विचारतं, गादीवर घालायला रबराचं कापड आहे ना? कोणासाठी, ते मी विचारत नाही. मी सगळ्याच गाद्यांवर घालते. आजवर तुमच्यापैकी एकापेक्षा जास्त जणांना ते लागलं आहे, आणि प्रत्येकाला वाटत आलं आहे की या घरात आपण एकटेच असे. यंदा तुमच्यातलं एक घर हॉटेलात उतरणार आहे. आजीला या वयात त्रास नको, असं कारण मला मिळालं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दिवसभर आवरलेलीच कपाटं आवरत बसले. कारण खरंही असेल. पण खरं नसलं, तर ते कुणाच्या तरी लहानशा डोक्यातून निघालं आहे, आणि त्या डोक्यात काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आत्ताच लिहिते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं आणि मलाही. पण इंग्रजीत या गोष्टीची मला लाजच वाटत नाही. ती कुणा दुसऱ्या मुलीची गोष्ट होते. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आईबापांनी वाचून दाखवावं. वाचताना गाळू नये.

मी नऊ वर्षांची होते आणि रात्री अंथरूण ओलं करत होते. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, तीनदा. थंडीत जास्त.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझे वडील कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि आता कागद येत ते मराठीत नाहीतर इंग्रजीत. घरी आल्यावर ते कंदिलापाशी बसून पाटीवर अक्षरं गिरवायचे. आपल्यावर आली तशी वेळ मुलीवर येऊ नये म्हणून त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. नाताळची सुट्टी हा प्रकार आमच्या घरात असा आला. त्याआधी आमच्या नात्यात कुणी थंडीत सुट्टीला जात-येत नसे. आत्या देवगाव रंगारीहून भाऊबीजेला यायची. त्या वर्षी कापूस वेचणीमुळे तिला जमलं नाही, तेव्हा वडिलांनीच निरोप धाडला की पोरीच्या शाळेला डिसेंबरात सुट्टी असते, मुलांना घेऊन तेव्हा ये.

निरोप गेला आणि आई घर लावायला लागली. तीन भाड्याच्या खोल्या आणि वर मातीचं धाबं, एवढंच घर. पण आईनं त्यात जे केलं ते पाहून वडीलही थक्क झाले. खुंट्या वाढवल्या, प्रत्येक मुलाला एक. आंघोळीचा क्रम ठरवला आणि त्यात मला पहिलं ठेवलं, सूर्य उगवायच्या आत, कारण मला शाळेमुळे लवकर उठायची सवय आहे म्हणून. फराळाचे डबे एका फळीवर उंचीप्रमाणे लावले. आणि रोज सकाळी सगळी अंथरुणं धाब्यावर उन्हात टाकायची असा नियम केला. आरोग्याला चांगलं असतं म्हणे. वडील म्हणाले, इंग्रजी शाळेत मुलगी जाते आणि शिस्त आईला लागते.

हे सगळं माझ्यासाठी होतं, हे आईला आणि मला माहीत होतं. आम्ही एकमेकींशी ते कधी बोललो नाही. पहिली आंघोळ म्हणजे कुणी उठायच्या आत माझे कपडे पाण्यात. सगळी अंथरुणं उन्हात म्हणजे त्यातलं एकच वेगळं दिसायला नको.

राहिली होती वाकळ. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, मी जन्मायच्या आधीच गेली होती. तिच्या हातची घरात एवढीच वस्तू. तिच्या आणि आत्याच्या जुन्या लुगड्यांचे थर टाचून केलेली, इतकी मोठी की अर्धी खाली अंथरून अर्धी अंगावर घेतली तरी चार पोरं मावायची. आत्या यायची तेव्हा आम्ही सगळी तिच्यातच निजायचो, आणि कोण मधे निजणार यावरून भांडायचो. लहानपणी सगळीच ओली करतात, तेव्हा काही वाटलं नव्हतं. पण आता मी नऊ वर्षांची होते.

एका दुपारी आईनं ती वाकळ जमिनीवर पसरली, मला एका कोपऱ्यावर बसवलं आणि कात्रीनं उभी कापायला घेतली. आतला थर जाड होता. कात्री अडत होती, आईचा अंगठा लाल झाला. चार अरुंद पट्टे झाले. त्यांना तिनं निळ्या कापडाची गोट शिवली, चौघांची चार. मी कोपरा धरून बसले होते आणि मान वर केली नाही.

आत्या आली ती तीन मुलांना घेऊन. थोरला मुलगा बारा-तेरा वर्षांचा, मधला माझ्याएवढा, धाकटी पाचेक वर्षांची. तिचे यजमान शेतावरच राहिले होते; ज्वारीवर पाखरं बसत होती. आत्या मोठ्या आवाजाची, मोठ्या हाताची बाई. घर पाहून म्हणाली की वहिनी, हे घर हाय का इस्पितळ? आई हसली. संध्याकाळी अंथरुणं घालायची वेळ झाली आणि आत्यानं ते निळ्या गोटेचे पट्टे पाहिले. एक उचलून ती त्यातल्या एका हिरव्या तुकड्यावरून हात फिरवत राहिली.

“ही मायची वाकळ हाय,” ती म्हणाली. “कापली?”

आई म्हणाली की हो, वन्सं. पोरांना सुटं निजायची सवय हवी. शाळेतही तसंच सांगतात.

शाळेत तसं कुणीही सांगितलेलं नव्हतं. आत्यानं पट्टा खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून आईनं केलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचा टोमणा सुरू झाला. ताटं मांडली की, मोजून मांडली का. भाकरी वाढली की, ही बी कापून देनार का. वडील दोघींच्या मधे न येता कचेरीत लवकर जायला लागले. आई ऐकून घेत होती. एक वाक्य बोलून तिला सुटता आलं असतं, ते ती बोलत नव्हती, आणि ते वाक्य माझ्याबद्दल होतं.

त्या दिवसांत दोनदा माझं अंथरूण ओलं झालं. आईनं दोन्ही वेळा ते चार पट्ट्यांच्या मधोमध, ओली बाजू आत करून, धाब्याच्या कठड्यावर टाकलं. शेजारच्या धाब्यावर खाला, म्हणजे शेजारच्या मुसलमान मावशी, गहू निवडायला बसायच्या. प्रेमळ, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी आईला हसत विचारलं, “दुल्हन, मेहमानां क्या पानी में सोते?” आई म्हणाली की धूप अच्छी है, खाला. मी जिन्यात होते. तिथंच बसून राहिले.

आता डब्यांचं. फळीवर रव्याचे आणि दाण्याचे लाडू होते, सगळ्यांसाठी. तांदळाच्या कोठीमागे एक लहान अॅल्युमिनियमचा डबा होता, तो माझा. काळे तीळ, ओवा आणि गूळ. सकाळी एक, दिवेलागणीला एक. आईच्या माहेरी हा उपाय करत. चव तिखट-कडसर, आणि तो मी कोठीमागेच उभी राहून खायची.

एका दुपारी आम्ही सगळी चुलीपुढं जेवायला बसलो असताना धाकटी तो डबा घेऊन आली. तिला झाकण निघत नव्हतं, म्हणून तिनं तो आईपुढं, म्हणजे माझ्या आत्यापुढं धरला. आत्यानं झाकण काढून तिला एक लाडू दिला. पोरीनं एक घास घेतला आणि तोंड वाकडं करून उरलेला परत आईच्या हातावर ठेवला. आत्यानं तो स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

“वहिनी, ह्यात ओवा हाय.”

आई तव्यावर भाकरी टाकत होती. सर्दीसाठी केलेत, म्हणाली.

“काळे तीळ अन् ओवा सर्दीला कुनी देत नसतं.” आत्यानं एकदा डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझी मान खाली होती पण तिची नजर मला कळत होती. “म्हनून वाकळ कापली व्हय.”

थोरल्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, “इंग्रजी शाळेत हे बी शिकिवत्यात का?” तो हसला, आणि तो हसला म्हणून मधलाही हसला. माझ्या ताटात वरण होतं. मी त्यात बोट फिरवत राहिले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. माझ्या आईची भाकरी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. तिनं ती उलटली नाही आणि ती आमच्याकडं वळलीही नाही.

आत्यानं डब्यातला दुसरा लाडू घेतला आणि सावकाश सगळा खाल्ला. मग थोरल्याला म्हणाली, “हसून झालं? आता ऐक. मपलं सोताचं अंथरूण लगीन व्हईस्तोवर ओलं व्हायचं. सासरी निघाले तव्हा मायनं हाच डबा बांधून देल्ता, लुगड्यांच्या खाली. तुमच्या बापाला आजून म्हाइत नाय. घरी गेल्यावर सांग, सांगायचं आसंल तर.”

थोरल्याचं तोंड उतरलं. तो ताटावरून उठला, हात न धुता बाहेर गेला. धाकटीला काहीच कळलं नव्हतं. ती रव्याचा लाडू मागत होती.

“पन वहिनी,” आत्या म्हणाली, “मायची वाकळ कापायची नव्हती. मला इचारायचं.”

“काय विचारायचं होतं, वन्सं?” आई चुलीकडं तोंड करूनच बोलली. “कुठल्या तोंडानं?” तिचे खांदे हलत होते.

तुम्हाला वाटेल की इथं माझी लाज संपली असेल. तसं झालं नाही. मला ती दुप्पट वाटली. आता सगळ्यांना कळलं होतं. वर माझ्यापायी आत्यानं मुलांसमोर असलं काही सांगितलं होतं, आणि आई रडली होती. आत्यानं मला जवळ बोलावलं, मी गेले नाही. थोरल्यानं त्यानंतर मला कधीही चिडवलं नाही. मधल्यानं मात्र गल्लीतल्या पोरांना सांगितलं, आणि सुट्टी संपेपर्यंत मी दाराबाहेर पडले नाही.

आणि आणखी एक. जायच्या आदल्या दिवशी माझं अंथरूण पुन्हा ओलं होतं. या वेळी ते आत्यानंच वर नेलं. मधोमध नाही, कठड्याच्या टोकाला, ओली बाजू उन्हाला करून. खालांनी पाहिलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं की पोरीचं हाय, वाळतंय. खाला म्हणाल्या, अच्छा, आणि गहू निवडत राहिल्या. मला आत्याचा इतका राग आला की ती निघताना मी तिच्या पाया पडले तेही आईनं दंडाला धरून वाकवलं तेव्हा. ऊन लागावं म्हणून ओली बाजू बाहेर करतात, यात लपवण्यासारखं तिला काही दिसतच नव्हतं. आणि मला त्या कठड्यावर दुसरं काहीच दिसत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास ते आपोआप थांबलं. लाडवांनी की वयानं, कोण जाणे. ते थांबलं तरी मी पुढं कितीतरी वर्षं देवगावला गेले नाही. बोलावणं आलं की अभ्यास आहे असं कळवायची, आणि अभ्यास खरंच असायचा, म्हणून कुणाला खोटं वाटलं नाही. आत्याही कधी आग्रहानं बोलली नाही. तिला कारण कळत असणार.

तुम्ही मला शिस्तीची आजी म्हणता. चादरींच्या घड्या, खुंट्यांवरची नावं, आंघोळीचे नंबर, यावरून तुम्ही हसता ते मी ऐकते, आणि हसा. ही शिस्त मी शाळेत शिकले असं मी सगळ्यांना सांगत आले, तुमच्या आजोबांनासुद्धा. ती मी आईकडून शिकले, आणि तिनं ती कशासाठी लावली होती ते वर लिहिलं आहे. पाहुणे यायचे म्हटलं की अजूनही माझ्या मनात पहिली येते ती कुणाचं काय दिसू नये याची काळजी. जेवायला काय करायचं हे नंतर येतं.

हॉटेल रद्द करा असं मी म्हणत नाही. जिथं नीट झोप लागेल तिथं झोपावं. पण कुणाला इथं यावंसं वाटत असेल आणि धीर होत नसेल, तर त्यानं किंवा तिनं एवढं समजावं की या घरात आपण पहिले नाही, आणि सकाळी कुणी काही विचारणार नाही. मी आत्यासारखी टोकाला वाळत घालणार नाही. तेवढं धैर्य मला अजून आलेलं नाही. आईसारखी मधे घालीन.

आत्या गेली, आई गेली. त्या तीन खोल्या पाडून तिथं दुकानं झाली. थोरला आतेभाऊ देवगावात आहे. ऐकू कमी येतं, पण दिवाळीला फोन करतो आणि मोठ्यानं प्रकृती विचारतो. त्या दुपारबद्दल आम्ही दोघं आजवर एक शब्द बोललो नाही. माझी लाजही आहे. पूर्वीइतकी नाही, पण आहे.